प्रभागातली बाग सुधारायची, तर आधी माळ्याचा दिवस मोजा

पुणे महापालिकेची दोनशेच्या वर उद्यानं आहेत. सारसबाग, जंगली महाराज रस्त्यावरचं संभाजी उद्यान, सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ही नावं बाहेरगावच्यांनाही ठाऊक असतात, त्यामुळे तिथे थोडंफार लक्षही राहतं. हा लेख उरलेल्या बागांसाठी आहे. कॉलनीच्या टोकाला अर्धा-एक एकर जागा, सकाळी हास्यक्लब, संध्याकाळी घसरगुंडीपाशी पोरांची रांग, आणि कोपऱ्यात दोन वर्षं कोरडं पडलेलं कारंजं, अशा बागांसाठी.

या बागांचं ‘नूतनीकरण’ दर चार-पाच वर्षांनी होतं. जुने पेव्हर ब्लॉक निघतात, नवे बसतात. फायबरचा जिराफ येतो. प्रवेशद्वारावर ‘माननीय अमुक यांच्या संकल्पनेतून’ असा बागेतल्या कुठल्याही झाडापेक्षा तजेलदार फलक लागतो. दोन पावसाळ्यांत जिराफाचा कान तुटतो, हिरवळीत गाजरगवत शिरतं आणि पुढच्या नूतनीकरणाची मागणी सुरू होते. याला एकट्या भ्रष्टाचाराला दोष देऊन भागत नाही. अंदाजपत्रकात नवं काम हा भांडवली खर्च असतो, त्याचं भूमिपूजन होतं, फोटो निघतो. देखभाल हा महसुली खर्च, आणि माळ्याच्या पगाराचं उद्घाटन कोणी करत नाही.

म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आपल्या बागेला रोज किती तास माणसाचे हात मिळणार आणि किती लिटर पाणी मिळणार, हे आधी ठरवायचं. त्यात जेवढी मावेल तेवढीच बाग आखायची. उदाहरणं पुण्याची आहेत, पण मुंबईत विभाग कार्यालयातला उद्यान खात्याचा अधिकारी किंवा नगरपरिषदेच्या गावात मुख्याधिकारी धरला, तर बाकीचं बरंचसं तसंच लागू पडतं.

जागा कोणाची, ते कागदावर पाहा

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच लोक टाळतात. बाग म्हणून आपण वापरतो ती जागा तीन-चार प्रकारची असू शकते: विकास आराखड्यात ‘बगीचा’ म्हणून आरक्षित आणि पालिकेच्या ताब्यात आलेली, सुविधा क्षेत्र (मोठ्या बांधकामात सार्वजनिक सोयींसाठी सोडलेली जागा) म्हणून मिळालेली, मंजूर लेआउटमधली १० टक्के खुली जागा, किंवा म्हाडासारख्या दुसऱ्याच संस्थेची. यातली लेआउटमधली खुली जागा फसवी असते. ती बहुधा त्या सोसायट्यांचीच असते. पालिकेकडे हस्तांतर झालेलं नसेल, तर पालिकेचा पैसा तिथे खर्च करताना हरकत निघते आणि मंजूर झालेलं कामही अडकतं.

क्षेत्रीय कार्यालयात किंवा बांधकाम विभागात आराखड्याचा भाग-नकाशा बघा, सिटी सर्व्हे नंबर काढा, मिळकत पत्रिका बघा. उद्यान विभागाच्या यादीत आपल्या बागेचं नाव आहे का, तेही विचारा. हद्दीच्या भिंतीला लागून कोणी शेड टाकली असेल, तर मोजणी याच टप्प्यावर मागा. नवी सीमाभिंत चुकीच्या रेषेवर उभी राहिली की अतिक्रमणच कायम होतं. आरक्षण बदलून तिथे समाजमंदिर किंवा वाहनतळ करायची कुजबुज कानावर आली, तर लक्षात ठेवा की त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली प्रक्रिया करावी लागते आणि त्यात नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. ती जाहीर सूचना वर्तमानपत्रात बारीक टाइपात येते. कोणीतरी एकाने ती वाचायची जबाबदारी घ्यावी.

आठवडाभर नुसतं बघा

मागण्यांची यादी करण्याआधी बाग कोण वापरतं ते मोजा. सोमवार ते रविवार, सकाळी ६ ते ९, दुपारी १२ ते ३, संध्याकाळी ५ ते ८ या वेळांत कोणीतरी दर अर्ध्या तासाने डोकी मोजायची आणि चार रकान्यांत लिहायची: मुलं, स्त्रिया, पुरुष, ज्येष्ठ. सोबत बागेचा हाताने काढलेला नकाशा ठेवा आणि लोक कुठे बसतात, कुठून आडवाट काढतात तिथे खुणा करा. हिरवळीतून पडलेली पायवाट म्हणजे रस्ता तिथेच हवा होता, याचा पुरावा. तिथे ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावून उपयोग नाही, रस्ताच सरकवा.

नुसती संख्या नाही, गैरहजेरीही टिपा. अंधार पडल्यावर स्त्रिया निघून जातात का? त्याचं कारण बहुतेकदा दोनांपैकी एक असतं, उजेड किंवा स्वच्छतागृह. बारा-चौदा वर्षांच्या मुली दिसतात का? झोके लहान मुलांनी भरलेले, मैदान क्रिकेटवाल्यांनी अडवलेलं, मग त्यांनी जायचं कुठे? आणि दुपार. पुण्यातल्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. घरकामाच्या दोन पाळ्यांच्या मधे तासभर सावली शोधणाऱ्या बायका, डिलिव्हरीची पोरं, बांधकामावरच्या मजुरांची मुलं नेमकी तेव्हाच येऊ शकतात. ‘प्रेमी युगुलं बसतात’ हे दुपारी कुलूप लावण्याचं नेहमीचं कारण. माझं मत स्पष्ट आहे: बसू द्यावीत. माणसांची जाग असलेली बाग रिकाम्या बागेपेक्षा सुरक्षित असते.

या नोंदींचा फायदा पुढे कळतो. बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याची मागणी पुढे जाते, आणि सकाळी सातला बैठक ठेवली तर सगळे चालणारे ज्येष्ठ येतात आणि ठराव जॉगिंग ट्रॅकचा होतो. हातात आकडे असले की बैठकीला न आलेल्यांची बाजूही मांडता येते.

पाहणी: काय मोडलंय, काय मोडणार आहे

आता बागेतल्या प्रत्येक वस्तूची यादी. बाक, दिवे, नळ, झाकणं, खेळणी, झाडं, कुंपण. प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण: आजच धोका, वर्षभरात खराब होईल, ठीक. फोटो काढा, फोटोवर तारीख येऊ द्या. ‘आजच धोका’ या लाल रकान्यातल्या गोष्टी आराखड्याची वाट बघणाऱ्या नाहीत. उघडा जंक्शन बॉक्स, चेंबरचं गायब झाकण, वाळलेली जाड फांदी यांची तक्रार त्याच दिवशी पीएमसी केअर या पालिकेच्या तक्रार-ॲपवर आणि लेखी अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक खिडकीत, पोच घेऊन.

पाहणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी करा. पाणी कुठे साचतं ते नकाशावर काढून ठेवलंत, तर पुढचं निम्मं काम झालं. जिथे साचतं तिथे फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. चार-पाच तासांनीही पाणी तसंच असेल, तर खाली चिकण माती, मुरमाचा घट्ट दाबलेला थर किंवा मागच्या ठेकेदाराने पुरलेला राडारोडा आहे. हिरवळ दर वर्षी तिथेच का मरते, याचं उत्तर सहसा या खड्ड्यात सापडतं.

खेळण्यांजवळ मोजपट्टी घेऊन जा. साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान फट धोक्याची, कारण मुलाचं धड आरपार जातं आणि डोकं अडकतं. घसरगुंडीच्या कठड्यात, शिडीच्या पायऱ्यांत अशी फट शोधा. खेळण्याभोवती सगळ्या बाजूंनी सहा फूट जागा मोकळी हवी. झोक्याच्या पुढे-मागे ती दांडीच्या उंचीच्या दुप्पट. खाली काँक्रीट किंवा पेव्हर असेल तर ते खेळणं आजच्या आज लाल रकान्यात टाका. चार फूट उंचीवरून पडणाऱ्या मुलासाठी निदान नऊ इंच मोकळी वाळू लागते, आणि ती वाळू पायांनी सरकते, म्हणून दर महिन्याला खोली मोजून भर घालावी लागते. रबराच्या लाद्या दिसायला छान, पण पातळ लादी काँक्रीटवर चिकटवली असेल तर ती रंगीत काँक्रीटच. झोक्याच्या साखळीचे आकडे झिजून उघडलेत का, तेही बघा. आणि पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेला तोंड करून उघड्यावर असेल, तर एप्रिलमध्ये तिच्यावर स्वतः हात टेकवून बघा.

फाटकापाशीही थांबा. दुचाकी आत येऊ नये म्हणून लावलेलं नागमोडी फाटक व्हीलचेअर आणि बाबागाडीही अडवतं. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नंतर सार्वजनिक जागेत हे चालायला नको. निदान एका प्रवेशाला ९० सेंटिमीटर निखळ रुंदी आणि उतार १:१२ पेक्षा जास्त चढाचा नको, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी.

पाणी आणि हात यांचा हिशेब

हा भाग लेखाचा कणा आहे, म्हणून सावकाश.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हिरवळीला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे १,५०० चौरस मीटर हिरवळ असेल तर रोज ७,५०० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरचा पाऊण हिस्सा, फक्त गवतासाठी. एवढं पाणी कुठून येणार? बोअरवेल मेमध्ये किती तास चालते? सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी टँकरने मिळतं का, आणि टँकर आत यायला फाटक पुरेसं रुंद आहे का? उत्तरं समाधानकारक नसतील तर हिरवळ कमी करा. सगळीकडे थोडी थोडी वाळकी हिरवळ ठेवण्यापेक्षा मुलांना लोळायला ४०० चौरस मीटर हिरवीगार जागा ठेवावी आणि बाकी ठिकाणी झुडपं, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि झाडांची सावली आणावी. दाट सावलीत तर हिरवळ लावूच नये, ती टिकत नाही. हरळी दिसायला रांगडी, पण तुडवलं तरी परत येते.

उलट बाजूचा हिशेबही मांडा. शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर जागेवर वर्षाला २८ लाख लिटर पाणी आपोआप येतं. आपण ते पेव्हरवरून गटारात सोडतो आणि मार्चमध्ये टँकर मागवतो. रस्त्यांना हलका उतार देऊन पाणी झाडांच्या आळ्यांकडे वळवणं, उथळ चर, शोषखड्डे, बोअरवेलजवळ पुनर्भरण ही कामं स्वस्त आहेत. फक्त ती दिसत नाहीत.

आता हात. माळीकाकांसोबत एक दिवस घालवा आणि त्यांच्या आठ तासांचा तक्ता करा. पाणी देणं, झाडलोट, गवत कापणी, खुरपणी, कुंपणाची छाटणी, कचरा बाहेर नेणं. उन्हाळ्यात हातात पाइप धरून पाणी घालण्यातच तीन-चार तास गेले तर खुरपणी कधी होणार? तिथे ठिबक किंवा तुषार संच बसवला की ते तास सुटतात, आणि हा खर्च कारंज्यापेक्षा खूप कामाचा. दर पंधरवड्याला कातरावं लागणारं मेंदीचं नक्षीदार कुंपण, हंगामी फुलांचे वाफे, कुंड्यांच्या रांगा हे सगळं मागताना बाजूला लिहा: आठवड्याला किती तास. बेरीज माळ्याच्या तासांपेक्षा जास्त झाली की काहीतरी खोडायचं. हा माळी ठेकेदाराचा आहे की पालिकेचा, सुट्टीवर गेला तर बदली कोण येतं, हेही विचारून घ्या.

शेवटी पैसा. प्रत्येक नव्या वस्तूची किंमत तिच्या आयुष्याने भागा. समजा खेळण्यांचा संच सहा लाखांचा आणि आठ वर्षं टिकणारा असेल, तर त्या बागेने वर्षाला ७५ हजार रुपये फक्त त्या संचाच्या झिजेपोटी बाजूला काढायला हवेत. त्यात वाळू, रंग, साखळ्या वेगळ्या. प्रस्तावात प्रत्येक ओळीपुढे ‘वार्षिक देखभाल’ असा रकाना तुम्हीच घाला. अधिकाऱ्याला तो आवडेल असं नाही, पण एकदा फाइलमध्ये गेला की त्याला उत्तर द्यावं लागतं.

कामांचा क्रम

निचरा पहिला, कारण नंतर केला तर सगळं पुन्हा उकरावं लागतं. त्याच उकरण्यात पाण्याच्या आणि विजेच्या नळ्या टाकून घ्याव्यात. मग माती. मग रस्ते, स्वच्छतागृह, दिवे. मग झाडं आणि खेळणी. सजावट शेवटी, पैसे उरले तर. खरं सांगायचं तर सेल्फी पॉइंटशिवाय बाग ओस पडल्याचं मी कुठे पाहिलेलं नाही.

चालण्याच्या वाटेसाठी पेव्हरचा आग्रह नको. दाबलेल्या मुरमाची वाट गुडघ्यांना बरी आणि पाणीही मुरू देते. मात्र तिला कडेला निचरा हवा आणि दर पावसाळ्यानंतर मुरमाचा एक हात. दिवे माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पाडणारे, तीन-चार मीटर उंचीचे आणि खाली झुकलेले असावेत. उंच खांबावरचा एकच प्रखर झोत डोळे दिपवतो आणि झाडाखाली काळोख तसाच ठेवतो. विजेच्या प्रत्येक जोडणीला ३० मिलिअँपिअरवर तुटणारा संरक्षक स्विच आणि नीट अर्थिंग अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून मागा.

स्वच्छतागृहाबद्दल एकच. ते बांधण्याआधी ते कोण साफ करणार, दिवसातून किती वेळा, हे ठरलेलं नसेल तर ते सहा महिन्यांत कुलूपबंद होतं आणि पुढे त्यात झाडू आणि फावडी राहतात.

झाडं लावताना, झाडं राखताना

असलेलं मोठं झाड ही बागेतली सगळ्यात महाग वस्तू आहे, कारण ती विकत मिळत नाही. आराखडा त्याच्याभोवती वळवा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली तोडीला परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचं संरक्षण आहे. छाटणीही उद्यान विभागाच्या परवानगीनेच करायची. खोडाभोवती काँक्रीट दिसलं तर ते फोडून निदान एक मीटर त्रिज्येचं आळं मोकळं करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात हेच सांगितलं होतं. आणि झाडाभोवती बसायला गोल पार बांधायचा असेल, तर आत माती भरून खोड गाडू नका. बुंध्यावर फूट-दोन फूट माती चढवली की साल कुजते आणि काही वर्षांनी, एखाद्या वळवाच्या संध्याकाळी, झाड ‘अचानक’ पडतं.

नवी लागवड करताना ताम्हण, बहावा, बकुळ, करंज, कडुनिंब, कांचन, कदंब, अर्जुन यांतून जागेप्रमाणे निवडा. ताम्हण आपलं राज्यफूल, आकार आटोपशीर, छोट्या बागेला साजेसं. वड, पिंपळ, उंबर पक्ष्यांसाठी उत्तम, पण सीमाभिंतीपासून आणि नळांपासून दूर. गुलमोहराचा मे महिना सुंदर असतो, मान्य. पण लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात, म्हणून खेळण्यांवर आणि बाकांवर तो नको. झटपट हिरवी भिंत म्हणून कोनोकार्पस सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा, गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट, त्यात पोयटा माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड. रोपं दोन चांगले पाऊस झाल्यावर लावायची, पाच जूनच्या कार्यक्रमासाठी कोरड्या मातीत नव्हे. पहिली तीन वर्षं उन्हाळी पाणी कोण देणार त्याचं नाव लिहा. नाव मिळत नसेल तर शंभराऐवजी दहा रोपं लावा.

पैसा मागायचा कधी आणि कसा

महापालिकेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण मागणी त्याआधीच्या पावसाळ्यात पोचायला हवी. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवले जातात, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे असतात. एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा राहत आली आहे. यंदाचा आकडा अर्जावर तपासा. निचरा, बाक, दिवे, खेळण्यांखालची वाळू, आळी मोकळी करणं अशी कामं त्यात बसतात. ‘बागेचा विकास करावा’ असं मोघम लिहिलेला अर्ज पडून राहतो. ‘अमुक उद्यानाच्या पूर्व बाजूला ६० मीटर लांबीची निचरा नळी’ असं लिहिलेला अर्ज कनिष्ठ अभियंत्याला लगेच हातात घेता येतो, कारण त्याचं अंदाजपत्रक जागेवर मोजमाप घेऊन होतं. मोजमापाच्या दिवशी तुम्ही तिथे असा.

मोठी कामं उद्यान विभागाच्या तरतुदीतून किंवा नगरसेवकाच्या सहयादीतून, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या तरतुदीतून येतात. नगरसेवकांकडे जाताना पाहणीचा तक्ता आणि डोकी मोजलेला कागद घेऊन जा. त्यांनाही लोकांसमोर दाखवायला काहीतरी हवं असतं, त्यात गैर नाही. नव्या स्वच्छतागृहावर फलक लागणार असेल तर खुशाल लागू द्या. जानेवारीच्या सुमारास आयुक्त अंदाजपत्रक मांडतात. त्यात आपलं काम कोणत्या शीर्षाखाली आलं ते पुस्तकात शोधून पानाची प्रत ठेवा. निवडणुकीचं वर्ष असेल तर आचारसंहितेचे दिवस वजा करा.

काम चालू असताना

कार्यादेश निघाला की त्याची आणि कामाच्या बाबींच्या यादीची प्रत मागा. सहज मिळाली नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत, १० रुपयांचं शुल्क, आणि उत्तर ३० दिवसांत. मागायचं ते नेमकं: कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अदा केलेली देयकं आणि दोषदायित्व कालावधी. हा शेवटचा शब्द पाठ करा. त्या मुदतीत जे मोडेल ते ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं, आणि बहुतेक बागांत ती मुदत कोणाच्या लक्षात यायच्या आत संपून जाते. तारीख फाटकाजवळच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवा.

तीन गोष्टींवर डोळा ठेवा. माती भरताना ट्रकमधून माती उतरतेय की राडारोडा, त्याचे फोटो. नळ्या टाकताना जेसीबी झाडांची जाड मुळं तोडतोय का. आणि झाकल्या जाणाऱ्या कामाचे, म्हणजे नळ्या, केबल, पाया यांचे फोटो, झाकण्याआधी. वाद झाला तर हेच उपयोगी पडतात. ठेकेदाराच्या मुकादमाशी भांडण मात्र घालू नका. त्याला चहा द्या, आणि तक्रार अभियंत्याकडे लेखी करा.

वर्षाचं वेळापत्रक

मार्च ते मे: आळ्यांना पालापाचोळ्याचं दोन-तीन इंची आच्छादन, पाणी पहाटे किंवा संध्याकाळी. एप्रिलमध्येच धोकादायक फांद्यांच्या छाटणीचा अर्ज द्या, कारण मेच्या अखेरीला सगळ्या शहराचे अर्ज एकदम येतात. पावसाळी जाळ्या आणि चेंबर साफ, विजेच्या जोडण्यांची तपासणी, लोखंडी खेळण्यांना गंजरोधक आणि रंग.

जून ते सप्टेंबर: पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात गाजरगवत उगवतं. ते फुलावर यायच्या आत, माती ओली असताना, मुळासकट, हातमोजे घालून उपटायचं. फुलं आल्यावर उपटलं तर बी आपणच बागभर पसरवतो. हिरवळीचे उघडे पट्टे याच काळात भरा. आठवड्यातून एक दिवस साचलेलं पाणी ओतून टाकण्याचा: कुंड्यांखालच्या थाळ्या, पडीक टायर, बंद कारंजं. कारंजं चालू करणं जमतच नसेल तर त्यात माती भरून फुलझाडं लावण्याचा ठराव करा, डेंग्यूचा एक अड्डा कमी होईल. शेवाळलेल्या लाद्यांवर ज्येष्ठ घसरतात, तिथे ताठ काड्यांच्या ब्रशने घासणं हाच उपाय.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: पावसाळ्यातल्या हानीची दुरुस्ती, वाटेवर मुरूम, बाकांचे खिळे-पट्ट्या. पानगळ सुरू झाली की पालापाचोळा जाळण्याचा मोह होतो. घनकचरा नियमांप्रमाणे ते निषिद्ध आहे, आणि शिवाय आपलंच खत आपण जाळतो. दहा फूट बाय चार फूट, तीन फूट उंच जाळीचा कप्पा, त्यात पानं, थोडं शेण, अधूनमधून पाणी आणि महिन्याला एकदा उलथापालथ. पावसाळ्याच्या तोंडाशी वापरायला खत तयार. असे दोन कप्पे आलटूनपालटून चालवा.

माणसं आणि तंटे

माळी, सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक यांना अवजारं ठेवायला कुलपाची खोली, बसायला जागा आणि पिण्याचं पाणी हे बागेच्या आराखड्यातच असू द्या. ठेक्यावरच्या कामगाराला किमान वेतन मिळतंय का, हातमोजे-गमबूट मिळालेत का, हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण हक्क आहे.

भटक्या कुत्र्यांवरून प्रत्येक बागेत दोन तट पडतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठरवायची असते. ती जागा आणि वेळ दोन्ही तटांनी मिळून ठरवून फलकावर लिहिली की निम्मे वाद मिटतात. नसबंदीसाठी पालिकेच्या आरोग्य विभागाकडे पाठपुरावा मात्र चालू ठेवावा लागतो. क्रिकेट, लाउडस्पीकरवरचा योगवर्ग, वाढदिवसाचे केक यांसाठीही हाच उपाय, वेळा वाटून द्या. नियमांच्या पाटीवर पाचपेक्षा जास्त ‘सक्त मनाई’ असतील तर कोणी वाचत नाही.

एखादी कंपनी सामाजिक दायित्व निधीतून बाग दत्तक घ्यायला आली, तर आनंदाने या म्हणा, पण करार वाचा. प्रवेश सर्वांना मोफत आणि वेळा पालिकेच्याच. मुदत ठरलेली, सोडताना तीन महिन्यांची पूर्वसूचना. फलकाचा आकार ठरलेला. बागेचा एकही कोपरा कार्यालयीन कार्यक्रमांसाठी राखीव नाही. आणि पैसे माळ्यावर आणि पाण्यावर खर्च होणार की नुसत्या रंगरंगोटीवर, हे आकड्यांत लिहिलेलं.

हे सगळं सांभाळायला मोठी समिती लागत नाही. पाच-सहा जण पुरतात, त्यात निदान दोन स्त्रिया आणि एक बारावीच्या आतलं कोणीतरी असावं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाहणीचा तक्ता घेऊन एक फेरी, लाल रकान्यातल्या बाबींची तक्रार त्याच दिवशी, आणि मागच्या महिन्याच्या तक्रारींचं काय झालं याची नोंद. सगळे कागद एका फाइलमध्ये, तिची एक प्रत ड्राइव्हवर. तीन वर्षांनी उद्यान निरीक्षक बदलून जातो, अभियंता बदलतो, ठेकेदार तर दर वर्षी नवा. नव्या साहेबांच्या टेबलावर पहिल्या आठवड्यातच ती फाइल ठेवायला जा, आणि सोबत माळीकाकांनाही घेऊन जा.